तुम्हाला उशीर झालेला नाही, पण नवराही पूर्ण बरोबर नाहीये

पत्र थोडक्यात असं आहे. मुलगा आठ वर्षांचा, धाकटी मुलगी चारची. मुलाची आत्ताची शाळा घराजवळची, छोटी आणि बरी आहे, पण ती माध्यमिकपर्यंत जात नाही, म्हणजे बाराव्या वर्षी शाळा बदलावीच लागणार. आईच्या डोक्यात एक खाजगी शाळा पक्की बसलीये, नावाजलेली, रिझल्ट उत्तम, एन्ट्रन्स आणि इंटरव्ह्यू घेऊन ॲडमिशन देणारी. ऑफिसमधल्या एका सिनियर बाईंनी 'तुम्ही ऑलरेडी लेट आहात' असं सांगितल्यापासून आईची झोप उडालीये. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कुणीतरी लिहितं की आम्ही क्लास सुरू केला. नवऱ्याचं म्हणणं, अजून चार वर्षं आहेत, कशाला आत्तापासून डोकं खातेस. मुलगा हुशार आहे पण स्लो आहे, पेपर अर्धा सोडून येतो, घरी मात्र एखादी वस्तू खोलून दोन-दोन तास बसतो, वर्गात वयाने जवळपास सगळ्यात लहान आहे. 'आम्हाला जे मिळालं नाही ते त्याला मिळावं एवढंच वाटतं, आणि माझ्या आळसामुळे त्याची सीट गेली तर मी स्वतःला कधीच माफ करणार नाही,' असं त्या लिहितात. प्रश्न तीन आहेत. रजिस्ट्रेशनची फी परत मिळत नाही तरी आत्ताच भरून टाकू का, क्लास लावू का, आणि नवऱ्याला कसं पटवू.

नमस्कार ताई,

आधी त्या लेट प्रकरणाचं बघू, कारण ते डोक्यातून गेल्याशिवाय पुढचं काही तुम्ही नीट वाचणार नाही. त्या सिनियर बाईंना हे कुठून कळलं? त्यांच्या मुलाच्या वेळी असं झालं असेल, किंवा त्यांनाही कुणीतरी सांगितलं असेल, किंवा त्या वेगळ्याच शाळेबद्दल बोलत असतील. काही शाळा प्रवेशाच्या दोन-तीन वर्षं आधी नावं घेतात, काही फक्त त्याच वर्षी फॉर्म काढतात, काहींची वेटिंग लिस्ट जन्मापासून चालू असते असं लोक सांगतात आणि ऑफिसमध्ये फोन केला की कळतं तसं काहीच नाहीये. म्हणजे उशीर झालाय की नाही हे एकच माणूस सांगू शकतो, शाळेच्या ॲडमिशन ऑफिसात बसलेला, आणि तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात त्यांना फोन केल्याचा कुठेच उल्लेख नाही. उद्या करा. ईमेल केलात तर अजून चांगलं, उत्तर लिहून हातात राहतं.

आता तुम्ही आणि तुमचा नवरा. मला वाटतं तुम्ही दोघं एकाच गोष्टीवर भांडताय असं तुम्हाला वाटतंय पण विषय दोन आहेत. मुलाच्या तयारीसाठी चार वर्षं म्हणजे भरपूर वेळ आहे, तिथे नवरा बरोबर. पैशासाठी चार वर्षं म्हणजे काहीच नाही, आणि शाळेच्या तारखा तर त्या चार वर्षांच्या मध्येच कुठेतरी येऊन जातात, तिथे तुम्ही बरोबर. माझं सगळं उत्तर साधारण याच्यावरच आहे, की तारखा आणि पैसे ही मोठ्यांची कामं आजपासून सुरू करा आणि मुलाला त्यातून जमेल तितकं उशिरापर्यंत बाहेर ठेवा. तुम्ही बरोबर उलटं करायला निघालाय, क्लास आधी आणि हिशेब नंतर.

पण त्याच्याही आधी एक विचारते, रागावू नका. तुम्ही त्या शाळेबद्दल जे लिहिलंय ते सगळं बाहेरून दिसणारं आहे. रिझल्ट, बिल्डिंग, कोणाची मुलं जातात. आत काय चालतं यावर एक ओळ नाही. रिझल्टवरून शाळा जोखणं आपण सगळेच करतो, सोपं असतं म्हणून, पण जी शाळा एन्ट्रन्स घेऊन आधीच चांगले मार्क पाडणारी मुलं निवडून घेते तिचा रिझल्ट चांगला लागणार नाही तर काय. त्यातला किती भाग शाळेचा आणि किती भाग मुळात आलेल्या मुलांचा आणि त्यांच्या घरांचा हे रिझल्टच्या बोर्डावर लिहिलेलं नसतं. ओईसीडी ही संस्था २००० सालापासून 'पिसा' नावाची चाचणी वेगवेगळ्या देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची घेते, त्यात सरासरी बघितली तर खाजगी शाळेतली मुलं बऱ्याच ठिकाणी पुढे दिसतात, पण मुलांच्या घरची आर्थिक-शैक्षणिक परिस्थिती आणि शाळेत एकूण कशा घरची मुलं येतात हे हिशेबात धरलं की तो फरक बहुतेक ठिकाणी उरतच नाही किंवा अगदी थोडा उरतो.

अजून एक अभ्यास मला फार आवडतो. अमेरिकेत बॉस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या काही नावाजलेल्या शाळा आहेत, सरकारी आहेत पण तिथेही पालकांची अशीच झुंबड. तिघा अर्थतज्ज्ञांनी (त्यातले जोशुआ अँग्रिस्ट, ज्यांना पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळालं) कटऑफच्या जरासं वर राहून आत गेलेली मुलं आणि जरासं खाली राहून बाहेर राहिलेली मुलं यांची तुलना केली, २०१४ मध्ये ते छापून आलं. आयडिया सोपी आहे, एक-दोन मार्कांनी इकडे-तिकडे झालेली मुलं तशी सारखीच असतात, मग शाळेमुळे काही होत असेल तर ते इथे दिसायला हवं. नंतरच्या परीक्षांच्या मार्कांमध्ये जवळपास काहीच फरक दिसला नाही. आता हे सगळीकडे, प्रत्येक शाळेला लागू होतं असं मी म्हणत नाहीये आणि मार्क म्हणजेच सगळं असंही नाही, पण ज्या रात्री तुम्हाला वाटेल की ती सीट गेली म्हणजे पोराचं आयुष्य गेलं त्या रात्री एवढं आठवा की एक-दोन मार्कांनी बाहेर राहिलेल्यांचं फारसं काही बिघडलं नव्हतं.

मग खाजगी शाळा घेऊच नये का? तसं नाही. वर्गात मुलं कमी असणं, शिक्षकाला प्रत्येकाचं नाव आणि अडचण माहीत असणं, खरोखर वापरली जाणारी लॅब, खेळायला जागा, चित्रकलेचे तास परीक्षेच्या महिन्यात गायब न होणं, या गोष्टींसाठी पैसे मोजणं मला अजिबात चुकीचं वाटत नाही, आणि तुमच्या मुलाचं जे वर्णन तुम्ही केलंय ते वाचून तर त्याला असलंच काहीतरी लागेल असं वाटतं. फक्त मग त्या गोष्टी शोधा. त्या नावाजलेल्या शाळेत असतीलच असं नाही आणि दुसऱ्या, कमी फीच्या, कुणी ज्याबद्दल ग्रुपवर लिहीत नाही अशा शाळेत असू शकतात. हर्बर्ट मार्श म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं १९८० च्या दशकापासूनचं काम याच्यावर आहे की सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली, एक अतिशय हुशार मुलांच्या शाळेत आणि एक साधारण शाळेत, तर पहिल्याला स्वतःच्या अभ्यासाबद्दल कमी आत्मविश्वास वाटतो, कारण तो स्वतःला आजूबाजूच्यांशी मोजत असतो. पेपर पूर्ण न करणाऱ्या मुलाच्या आईने हे नक्की लक्षात घ्यावं असं मला वाटतं.

त्याच्या स्लो असण्यावर पण थोडं बोलू. तुम्ही एका वाक्यात लिहिलंय की तो वर्गात जवळपास सगळ्यात लहान आहे आणि तिथून पुढे निघून गेलात, पण माझ्या मते ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. आठव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे आयुष्याच्या दहाव्या भागाहून जास्त. लिहिण्याचा वेग, एका जागी बसणं, वेळेचा अंदाज, सगळ्यात तो फरक दिसतो, आणि वर्गातली लहान मुलं सुरुवातीच्या वर्षांत सरासरीने मागे दिसतात हे अनेक देशांत पाहिलं गेलंय, आणि वय वाढतं तसा हा फरक कमी होत जातो. म्हणून शाळेला हे जरूर विचारा की एन्ट्रन्सचे मार्क वयाप्रमाणे ॲडजस्ट करता का. काही शाळा करतात, काही करत नाहीत, आणि तुमच्या केसमध्ये त्याने खरोखर फरक पडू शकतो. पेपर अर्धा राहतो ते नेमकं का हेही बघा हं, येत नाही म्हणून, का वेळ संपतो म्हणून, का खिडकीबाहेर बघत बसतो म्हणून, का हात दुखतो म्हणून. त्याच्या आत्ताच्या बाईंना विचारलंत तर त्या दोन मिनिटांत सांगतील. आणि वाचताना अक्षरं-ओळी सारख्या सुटतायत, पाहून लिहितानाही खूप त्रास होतोय असं काही असेल तर एन्ट्रन्सचा विषय बाजूला ठेवून आधी नीट तपासणी करून घ्या, डोळ्यांपासून सुरुवात करा. शिकण्यातली अडचण वेळेत लक्षात आली आणि रिपोर्ट असला तर अनेक परीक्षांमध्ये जादा वेळ मिळतो, त्याचीही प्रक्रिया असते आणि तीही आयत्या वेळी होत नाही.

हे सगळं सांगण्याचं कारण, बारा वर्षांचा मुलगा कसा असेल ते तुम्हाला आज माहीत नाही, मला नाही, कुणालाच नाही. आठव्या वर्षी एकही शब्द न बोलणारी मुलं बाराव्या वर्षी नाटकात काम करतात आणि उलटंही होतं. म्हणून आज 'शाळा' ठरवू नका. आज तीन-चार शाळांची यादी करा, ज्यातल्या किमान एकीत ॲडमिशन जवळपास नक्की मिळेल आणि जिच्यात तो गेला तर तुम्हाला रडू येणार नाही. ही शेवटची अट कठीण आहे. बरेच पालक बॅकअप म्हणून एक शाळा कागदावर लिहितात पण मनातून ती त्यांना शिक्षा वाटत असते, आणि मुलाला ते लगेच कळतं, मग तिथे ॲडमिशन झाल्यावर पोरगं पहिल्या दिवशी हरलेलं म्हणून आत जातं. तुमची बॅकअप शाळा मन लावून शोधा, पहिल्या शाळेपेक्षा जास्त वेळ देऊन शोधा.

तारखांचं काम तसं रुक्ष आहे पण एका संध्याकाळचं आहे. प्रत्येक शाळेचं एकेक पान करायचं, त्यावर नाव नोंदवायची शेवटची तारीख, फॉर्मची तारीख, परीक्षेचा महिना, इंटरव्ह्यू, निकाल, आणि सीट मिळाली तर किती दिवसांत डिपॉझिट भरायचं. हा शेवटचा आकडा लोक विसरतात आणि मग होतं काय, दुसऱ्या पसंतीच्या शाळेचं डिपॉझिट भरायची मुदत पहिल्या शाळेचा निकाल लागायच्या आधीच संपते आणि परत न मिळणारे पैसे भरायचे की सीट सोडायची असा पेच येतो. तो पेच येणार की नाही हे तारखा शेजारी-शेजारी लिहिल्या की आत्ताच दिसेल.

आणि फोनवर हे विचारा, जे सहसा कुणी विचारत नाही. ज्या शाळेची स्वतःची प्राथमिक आहे तिथे आतली मुलं बहुतेक सरळ वर चढतात, त्यामुळे बाहेरच्यांसाठी माध्यमिकच्या पहिल्या वर्षी नेमक्या किती जागा उरतात? वर्गात दीडशे मुलं असतील पण बाहेरून वीसच घेत असतील तर चित्र पूर्ण वेगळं. जागा सगळ्यात जास्त कुठल्या वर्षी निघतात? कधी-कधी मधल्याच एखाद्या वर्षी नवी तुकडी उघडते किंवा बदल्यांमुळे मुलं जातात आणि तेव्हा प्रवेश खूप सोपा असतो. भावंडांना प्राधान्य आहे का? (तुमच्या धाकटीसाठी.) आणि अजून एक, जरा टोचणारा प्रश्न आहे पण विचाराच, की पहिल्या वर्षी जितकी मुलं आली त्यातली किती शेवटच्या परीक्षेला इथूनच बसली. रिझल्ट खराब करतील अशा मुलांना हळूच दुसरी शाळा बघा असं सुचवणाऱ्या शाळा असतात, आणि या प्रश्नाचं उत्तर द्यायला ऑफिस किती अडखळतं त्यावरूनही बरंच समजतं.

आता पैसे. तुम्ही लिहिलंय की आजची फी थोडी ओढाताण करून जमेल. आजची. पण तुम्ही आज भरणार नाही आहात, चार वर्षांनी सुरू करणार आहात आणि समजा सहा वर्षं भरणार आहात. वर्षाची फी आज १०० धरा, कुठलंही चलन धरा, आणि ती दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते असं समजा. मुलगा आत जाईल त्या वर्षी ती १४६ झालेली असेल, शेवटच्या वर्षी साधारण २३६, आणि सहा वर्षांची बेरीज होते जवळपास ११३०. तुम्ही मनातल्या मनात सहाशे धरले असणार. वाढ ५ टक्केच धरली तरी बेरीज ८२५ च्या वर जाते. एक सोपी युक्ती आहे, ७२ ला वाढीच्या टक्क्यांनी भागा, जितकी वर्षं येतील तितक्यात रक्कम दुप्पट होते, म्हणजे १० टक्क्यांनी सव्वासात वर्षांत. शाळेकडून मागच्या पाच वर्षांची फी मागून घ्या आणि त्यांची खरी वाढ किती आहे ते काढा, माझ्या १० टक्क्यांवर विसंबू नका.

आणि तुमची चार वर्षांची मुलगी. तुमच्या पत्रात ती एका ओळीत येते आणि नंतर गायबच होते. तिला पण तेच द्यायचं ना? का मुलाच्या शाळेत सगळं संपल्यावर तिच्या वेळी जे उरेल ते? तसं तुमच्या मनात नसणार याची मला खात्री आहे पण हिशेब केला नाही की तसंच होतं, कुणी ठरवत नाही तरी होतं. तीही बाराव्या वर्षी आत गेली तर तिची सहा वर्षं आठ वर्षांनी सुरू होतात, त्याच १० टक्क्यांच्या दराने तिची बेरीज साधारण १६५५, म्हणजे दोघांचे मिळून २७८० च्या आसपास, आणि दोन वर्षं अशी येतात की दोघांचीही फी एकदम भरायची, त्यातल्या दुसऱ्या वर्षी ४७० च्या वर, म्हणजे आज जी एका मुलाची फी बघून तुम्ही 'जमेल' म्हणताय तिच्या साडेचारपटीहून जास्त. पगारही वाढतील हो, मान्य आहे, पण फीच्या वेगाने वाढतील का हा प्रश्न तुम्ही दोघांनी एकमेकांना खरं-खरं विचारायचा आहे. दोघांना झेपेल अशी शाळा निवडा. एकासाठी सगळ्यात भारी आणि दुसरीसाठी जमेल तशी असं मला विचाराल तर मी सरळ नाही म्हणेन.

फीशिवायचं पण धरा, बस, युनिफॉर्म, सहली, लॅपटॉप किंवा टॅब, बाहेरच्या परीक्षांच्या फिया, स्पर्धा, आणि शाळा महाग असूनही वर लावायला लागणारा क्लास, जो बऱ्याच ठिकाणी लागतोच. शाळेत शिकणाऱ्या एखाद्या मुलाच्या पालकांना गाठून वर्षाला प्रत्यक्षात किती गेले ते विचारा, ब्रोशरमधल्या आकड्यापेक्षा तो बराच मोठा निघतो. शाळा सोडायची झाली तर किती आधी कळवावं लागतं आणि नाही कळवलं तर पुढच्या टर्मची फी घेतात का तेही ॲग्रीमेंटमध्ये वाचा. माझी स्वतःची कसोटी अशी आहे की दोघांपैकी एकाचा पगार एक वर्ष बंद झाला तरी मुलाला शाळेतून काढावं लागणार नाही इतकी फी आपल्याला परवडते असं समजायचं. त्याच्या वर जायचं असेल तर आधी सहा-एक महिन्यांच्या घरखर्चाइतका पैसा बाजूला आणि कमावणाऱ्याचा साधा टर्म इन्शुरन्स, मग शाळा. पहिल्या दोन-तीन वर्षांच्या फीचा पैसा शेअर बाजारात ठेवू नका, बाजार नेमका त्याच वर्षी पडला तर फी थांबत नाही. धाकटीच्या पैशाला वेळ आहे, तिथे थोडी रिस्क चालेल. आणि निवृत्तीच्या पैशाला हात नको, कारण तुम्ही सत्तरीत पैशावाचून बसलात तर त्याचा भार याच दोघांवर येणार.

फी माफी किंवा स्कॉलरशिप असेल तर बघून ठेवा, पण दोन प्रकार वेगळे असतात, एक हुशारीवर आणि एक उत्पन्नावर. हुशारीवरची बऱ्याचदा फीचा छोटा हिस्सा असते आणि मानच जास्त, उत्पन्नावरची मोठी असू शकते पण तिला कागदपत्रं लागतात आणि तिची तारीख कधी-कधी ॲडमिशनच्या तारखेच्या आधीच असते.

क्लासबद्दल माझं उत्तर, आत्ता नाही. आठ वर्षांच्या मुलाला चार वर्षं एन्ट्रन्सची तयारी करायला लावणं म्हणजे त्याला चार वर्षं रोज हे सांगणं की तू आत्ता आहेस तसा पुरेसा नाहीस. बरं त्याचा फायदाही तुम्हाला वाटतो तितका नसतो. अशा परीक्षांत सहसा भाषा, गणित आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न असतात. प्रश्नांची पद्धत आणि वेळ सांभाळणं हे शिकायला काही महिने पुरतात, सुरुवातीच्या पेपरांत मार्क झपकन वाढतात आणि मग वाढ मंदावते, त्यानंतर तेच तेच सोडवून मुलं फक्त कंटाळतात. ज्याला खरोखर वर्षं लागतात ते वाचन आहे. शब्दसंपत्ती, लांब उतारा न घाबरता वाचणं, वाचलेल्यावर स्वतःचं काहीतरी बोलता येणं, हे शेवटच्या वर्षात येत नाही, आणि त्याला क्लास लागत नाही. रोज झोपताना त्याला वाचून दाखवा, आठ वर्षांचा आहे म्हणून बंद करू नका, त्याला वस्तू खोलायला आवडतात तर यंत्रांची, शोधांची पुस्तकं आणा, शाळेच्या भाषेत आणि घरच्या भाषेत दोन्हीत. पाढे आणि तोंडी हिशेब खेळता-खेळता पक्के होऊ देत. जुन्या पेपरांना हात परीक्षेच्या साधारण वर्षभर आधी लावा, आधी वेळ न लावता, मग हळूहळू घड्याळ आणा, वेगाचा प्रश्न त्याचा असल्याने घड्याळ शेवटी हे खास त्याच्यासाठी सांगतेय. तेव्हा घरी जमत नाहीये असं दिसलं तर क्लास लावा की, माझा क्लासला विरोध नाही, आठव्या वर्षाला आहे.

झोपेचं एक. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची शिफारस सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ९ ते १२ तासांची आहे. शाळा, प्रवास, क्लास, होमवर्क मांडून बघा आणि तेवढी झोप उरते का ते मोजा. हाच हिशेब लांबच्या शाळेलाही लावा, जाऊन-येऊन दोन तास बसमध्ये जाणार असतील तर वस्तू खोलून बसायचे दोन तास तिथेच गेले.

शाळा बघायला ओपन डेला जा पण तेवढ्यावर थांबू नका, त्या दिवशी सगळ्याच शाळा छान दिसतात. साध्या दिवशी वेळ मागून जा, सुट्टीच्या वेळेत जाता आलं तर उत्तम. मुलांची टॉयलेट बघा. लायब्ररीतली पुस्तकं हाताळलेली आहेत की कपाटात कुलपात आहेत ते बघा. कॉरिडॉरमध्ये शिक्षक एखाद्या मुलाला टोकतात तेव्हा कसं बोलतात ते ऐका. प्रिन्सिपलना टॉपर्सबद्दल विचारू नका, ते तेच सांगायला बसलेले असतात, विचारा की जो मुलगा पेपर पूर्ण करत नाही त्याच्यासाठी तुम्ही काय करता. उत्तरात 'एक्स्ट्रा क्लास घेतो' एवढंच आलं तर त्यांना तुमचा मुलगा कळणार नाही. आधी कारण शोधतो असं काही आलं तर पुढे बोला. शिक्षक किती वर्षं टिकतात हेही.

नवऱ्याला पटवू कसं असं विचारताय. पटवू नका, हिशेबाला बसवा. वरचे आकडे त्या शाळेच्या खऱ्या फीवर त्यालाच काढायला सांगा. मला असा दाट संशय आहे की त्याचं 'अजून चार वर्षं आहेत' म्हणजे 'मला पैशाची भीती वाटतेय' असं आहे आणि तुमचं 'उशीर होतोय' म्हणजे 'मला कमी पडायची भीती वाटतेय' असं आहे, आणि दोन्ही भीती खऱ्या आहेत पण त्यावर तोडगा वेगवेगळा निघतो. 'आम्हाला जे मिळालं नाही' हेही एकदा दोघांनी बसून बोला, म्हणजे नेमकं काय मिळालं नाही? इंग्रजी? आत्मविश्वास? ओळखी? खेळ? ज्याचं नाव काढता येईल ते शाळेशिवायही बऱ्याचदा देता येतं, आणि कधीकधी लक्षात येतं की मुलाला त्याची गरजच नाहीये, ती आपली राहून गेलेली हौस आहे. त्यात वाईट काही नाही पण ती त्याच्या अंगावर घालू नये.

आणि घरात त्याच्यासमोर 'ती शाळा' हा विषय बंद. मुलं झोपलेली वाटतात तेव्हा ऐकत असतात. त्याला दहा-साडेदहाव्या वर्षी सांगा, की ही शाळा पुढे संपते, मग आपण दोन-तीन शाळा बघणार आहोत, तूही बघ आणि तुला काय वाटतं ते सांग. त्याच्या मताने शेवटचा निर्णय होणार नसेल तर तेही आधीच सांगा, विचारून न ऐकण्यापेक्षा ते बरं. ग्रुप म्यूट करा, सोडलात तर शाळेच्या सूचना चुकतील.

रजिस्ट्रेशनचं आता. ऑफिसने फोनवर सांगितलं की नावं आत्ता घेणं चालू आहे आणि पुढे बंद होणार आहे, तर भरून टाका, रक्कम परत मिळत नसली तरी, फक्त हे धरून की त्याने सीट मिळत नाही, परीक्षेला बसायची परवानगी मिळते. पण भीतीपोटी पाच-सहा शाळांत भरत सुटू नका, दोन पुरे, आणि त्यातली एक ती तुमची मनापासूनची बॅकअप असू दे. नावं पुढच्या वर्षीही घेत असतील तर थांबा, आधी दोघं जाऊन शाळा आतून बघून या. आणि त्या क्लासवाल्यांनी तुम्हाला सीट ब्लॉक करायला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिलीये असं तुम्ही शेवटी ताजा कलम म्हणून लिहिलंय ना, त्यांना आजच मेसेज टाका की या वर्षी नको.